देवाने त्यांना कुठे ठेवलं?

प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दरवर्षी तेच वाचन येतं. लूकच्या शुभवर्तमानाचा 16 वा अध्याय, श्रीमंत माणूस आणि त्याच्या दाराशी पडलेला लाजरस. इतकी वर्षं आम्ही हे वाचन ऐकत आलो, धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवतही आलो. यंदा वाचन सुरू झालं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात नाताळातली तीच संध्याकाळ होती.

आमची लेक आणि जावई नॉर्वेत, स्टाव्हांगरला राहतात. नाताळात ते सात महिन्यांच्या नातीला घेऊन बडोद्याला आले होते. त्याच आठवड्यात सिस्टरही आली. सिस्टर आमच्याच धर्मग्रामातली, लेकीच्या बरोबरची. दोघींनी प्रथम ख्रिस्तप्रसाद एकाच दिवशी घेतला. तिने व्रत घेतलं, परिचारिका झाली, आणि आता पाच वर्षं दक्षिण सुदानमधल्या एका आरोग्यकेंद्रात बाळंतपणं करते. तिला अहो-जाहो करायला गेलं की ती रागावते, म्हणून इथेही ‘ती’च म्हणतो.

त्या संध्याकाळी आमच्या घरी समूहाची प्रार्थना होती. आभारप्रार्थनेच्या वेळी आम्ही नातीच्या जन्माबद्दल देवाचे आभार मानले. बाळंतपण सोपं गेलं नव्हतं. मूल झाल्यावर लेकीचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर हाताशी होते, रक्त हाताशी होतं, तासाभरात सगळं आटोक्यात आलं. आम्हाला बडोद्यात फोन आला तेव्हा ती चहा पीत होती. आम्ही म्हणालो, प्रभूने आमच्या मुलीला अशा देशात ठेवलं जिथे बाळंतिणीला मरू देत नाहीत, त्याबद्दल त्याची स्तुती असो. सगळे ‘आमेन’ म्हणाले.

मंडळी गेल्यावर सिस्टर कपबशा उचलायला लागली. बशीवर बशी ठेवता ठेवता म्हणाली, “काकू, एक विचारू? मग माझ्याकडे येणाऱ्या बायकांना देवाने कुठे ठेवलं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

मग तिने सांगितलं. पावसाळा होता. बाईला तिच्या माणसांनी खाटेवर घालून आणलं होतं. तिथली माती आपल्या कपाशीच्या मातीसारखी काळी, चिकट. पाऊस पडला की गाडी रुतते आणि रस्ता म्हणून काही उरत नाही. मूल वाटेतच झालं होतं. रक्तस्राव तोच, लेकीला झाला तसाच. रक्त थांबवायचं इंजेक्शन केंद्रात होतं. ते थंडीत ठेवावं लागतं, आणि सौर पॅनेलवर चालणारा फ्रीज त्या दिवशी चालू होता, हेही तिने आवर्जून सांगितलं. पण बाई पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. रक्त द्यायची सोय तिथे नाही. “मूल आहे,” ती म्हणाली, “आजी सांभाळते.”

लेक नातीला मांडीवर घेऊन ऐकत होती. ती उठून आत गेली.

त्या रात्री जावयांनी आम्हाला संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक दाखवला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र धरून देशांना क्रमांक देण्याची ही पद्धत 1990 साली पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी सुरू केली. आपले अमर्त्य सेन त्यात त्यांच्यासोबत होते. 2025 च्या अहवालातल्या 193 देशांच्या यादीत नॉर्वे दुसऱ्या क्रमांकावर आहे, स्वित्झर्लंडच्या जोडीने. दक्षिण सुदान 193 वा. नॉर्वेत माणूस सरासरी 83 वर्षं जगतो, दक्षिण सुदानमध्ये 60 सुद्धा नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर यादीचं वरचं टोक आणि खालचं टोक शेजारी बसून पुरणपोळी खात होतं.

आता एक गोष्ट, जी आम्हाला झोपू देईना. या दोन्ही देशांत तेल आहे.

तेल आमच्या घराला परकं नाही. आमच्यापैकी एकाची उभी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत गेली. त्या पगारावर घर झालं, लेकीचं शिक्षण झालं, आणि तीही तेलाच्याच शहरात जाऊन राहिली. म्हणून मग आम्ही दोघं, एक रिफायनरीचा पेन्शनर आणि एक शाळेतून निवृत्त झालेली बाई, गेले दोन महिने या दोन देशांचा इतिहास वाचत बसलो. देवाला उत्तर द्यायचं तर आधी नीट माहिती हवी.

नॉर्वेचं तेल 1969 च्या डिसेंबरात सापडलं, उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात. दक्षिण सुदानचं तेल त्यानंतर दहाएक वर्षांत, बेंटिऊजवळ. म्हणजे देवाने एकाला दिलं आणि दुसऱ्याला दिलं नाही असं नाही. दोघांनाही दिलं, जवळजवळ एकाच काळात.

दोघांचा जन्मही मतपेटीतून झाला. नॉर्वे 1905 साली स्वीडनपासून वेगळा झाला. वेगळं व्हावं म्हणून 3,68,208 जणांनी मत दिलं, विरोधात फक्त 184. दक्षिण सुदानने जानेवारी 2011 मध्ये सुदानपासून वेगळं होण्यासाठी मतदान केलं, जवळजवळ 99 टक्के बाजूने, आणि 9 जुलैला नवा देश झाला. रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या रडत होत्या, असं तिथल्या जुन्या सिस्टर सांगतात. पण नॉर्वेचं वेगळं होणं एक गोळी न झाडता झालं. दक्षिण सुदानचं 1955 ते 1972 आणि 1983 ते 2005 अशा दोन युद्धांनंतर. आपल्या आयुष्यातली चाळीसएक वर्षं युद्धात गेली असती तर आपल्या घराचं काय झालं असतं, याचा आम्ही दोघांनी एकदा हिशेब मांडायचा प्रयत्न केला. लेकीचा जन्म, तिची शाळा, आमचं लग्नसुद्धा त्यात गेलं. मग आम्ही तो कागद ठेवून दिला.

आणि नॉर्वे काही पूर्वीपासून श्रीमंत नव्हता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. 1825 पासून शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन पोटासाठी उत्तर अमेरिकेला गेले. खडकाळ जमीन, मासे आणि बटाटे. मग फरक कशाने पडला?

आम्हाला जे सापडलं ते धर्मशिक्षणाच्या वर्गात सापडलं. 1736 साली नॉर्वेत (तेव्हा तिथे डेन्मार्कच्या राजाचं राज्य होतं) कायदा झाला की प्रत्येक मुलाचं दृढीकरण झालंच पाहिजे. दृढीकरणासाठी धर्मप्रश्नोत्तरं यायला हवीत, म्हणजे वाचता यायला हवं. म्हणून तीन वर्षांनी, 1739 साली, शाळांचा कायदा. शेतकऱ्याची मुलगी, कोळ्याचा मुलगा, सगळे अक्षरं शिकले, कारण पाळकासमोर उभं राहायचं होतं. तेल सापडलं तेव्हा या देशाला वाचायची सवय लागून सव्वादोनशे वर्षं झाली होती. त्या कायद्यात जबरदस्ती होती आणि ती आम्हाला आवडत नाही. पण रविवारी सात-आठ कंटाळलेली मुलं समोर घेऊन बसताना आता आमच्या मनात हे येतं. बडोद्याच्या माणसाने तर यावर हसूच नये. सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याची फळं आपल्या कितीतरी घरांत आहेत.

दक्षिण सुदानमध्ये शाळा होत्या त्या बहुतेक मिशनऱ्यांच्या, आणि 1964 साली खार्टूमच्या सरकारने परदेशी मिशनऱ्यांना दक्षिणेतून हाकललं. स्वातंत्र्याच्या सुमाराला तिथल्या चार प्रौढांपैकी एकालाच वाचता येत होतं. तेलाचा करार कोण वाचणार? त्याचा हिशेब कोण मागणार?

नॉर्वेच्या संसदेच्या उद्योग समितीने 14 जून 1971 रोजी तेलाबद्दल दहा तत्त्वं मांडली. लोक त्यांना ‘तेलाच्या दहा आज्ञा’ म्हणतात. (मोशेला विचारलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता.) त्यांचा आशय असा: तेलावर देशाचं नियंत्रण असावं, सरकारची स्वतःची कंपनी असावी, तेलाभोवती देशात नवे उद्योग उभे राहावेत, आधीच्या धंद्यांचा आणि निसर्गाचा विचार व्हावा, वायू उगाच जाळू नये. पुढे 1990 साली निधीचा कायदा झाला आणि 1996 साली पहिली रक्कम भरली गेली. तेल कंपन्यांच्या नफ्यावर 78 टक्के कर. तो पैसा निधीत जातो, देशाबाहेर गुंतवला जातो, आणि सरकारने वर्षाला त्यातले सुमारे 3 टक्केच वापरावेत असा दंडक आहे. बाकीचा अजून न जन्मलेल्यांसाठी. निधीच्या संकेतस्थळावर त्याची किंमत सेकंदासेकंदाला बदलताना दिसते. जावयांनी फोनवर दाखवली. माणशी भागली तर आपल्या हिशेबात काही कोटी रुपयांच्या घरात येते. सिस्टरने तो आकडा थोडा वेळ पाहिला आणि फोन परत दिला.

रानातल्या मान्न्याची गोष्ट आठवते ना? गरजेपेक्षा जास्त गोळा केलं त्याला किडे पडले, पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी उद्यासाठी ठेवायला देवानेच सांगितलं. कधी ठेवायचं आणि कधी नाही, हे इस्राएलला ओळखता येईना. नॉर्वेला बऱ्यापैकी ओळखता आलं, असं म्हणावं लागेल.

आणि हे ओळखायला त्यांना मदत कुणी केली? एका परदेशी माणसाने. फारूक अल-कासिम हे इराकी भूशास्त्रज्ञ, बसऱ्याला चांगल्या नोकरीत होते. त्यांच्या धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती आणि पत्नी नॉर्वेची. मुलाच्या उपचारांसाठी नोकरी सोडून ते 1968 साली नॉर्वेला आले. ऑस्लोत उतरल्या दिवशीच उद्योग मंत्रालयात गेले, कोणत्या तेल कंपन्या काम करतात त्यांची यादी मागायला. मंत्रालयात तेलाचं कळणारी माणसं इनमीन तीन-चार. त्यांनी त्यालाच ठेवून घेतलं. नॉर्वेचं तेल नॉर्वेच्या लोकांच्या हाती राहावं याची आखणी करण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. आजारी लेकराला घेऊन परक्या दारात उभा राहिलेला बाप, आणि दार उघडलं गेलं. मत्तयच्या 25 व्या अध्यायात प्रभू परक्याचा पाहुणचार स्वतःचा मानतो. ते वाचताना आम्हाला आता हा माणूस दिसतो.

इथवर वाचून वाटेल की नॉर्वे शहाणा आणि दक्षिण सुदान मूर्ख. आम्हालाही क्षणभर तसं वाटलं. पण दक्षिण सुदाननेही कायदा केला होता! 2013 साली, आणि नॉर्वेच्याच तज्ज्ञांचा सल्ला घेऊन. तेलाच्या उत्पन्नातले 2 टक्के तेल निघणाऱ्या राज्यांना, 3 टक्के तिथल्या गावांना, आणि पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी. कागदावर सगळं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे माजी उपाध्यक्ष यांच्यात फाटलं, आणि सैन्य एकमेकांवर उलटलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने 2025 मध्ये सांगितलं की स्वातंत्र्यापासून 25 अब्ज डॉलरहून जास्त तेलाचा पैसा आला आणि सत्तेतल्या मूठभरांनी तो लुटला. सिस्टरच्या गावात पेट्रोल बाटलीतून विकतात, आणि तेही बाहेरच्या देशातून आलेलं असतं. कच्चं तेल नळातून सुदानमार्गे समुद्राकडे निघून जातं.

पण त्या लुटीत हात कुणाकुणाचे? हे लिहायला जड जातं. ओएनजीसीच्या परदेशी काम करणाऱ्या कंपनीने 2003 साली सुदानच्या तेलक्षेत्रांत 25 टक्के वाटा घेतला. त्यातला काही भाग आजच्या दक्षिण सुदानमध्ये येतो. तेव्हा तिथे युद्ध चालू होतं, आणि तेलाच्या पट्ट्यातून गावंच्या गावं उठवली जात होती. बडोद्यात आम्ही ती बातमी अभिमानाने वाचली. रात्रीच्या जेवणात बोललोही, भारताचं नाव झालं म्हणून. त्या जमिनीवर कोण राहत होतं, हा प्रश्न आमच्या टेबलावर आला नाही. आम्ही काही निर्णय घेणारे नव्हतो, हे खरं. पण वाचनातल्या श्रीमंत माणसानेही लाजरसला मारलं नव्हतं. तो फक्त दारातून ये-जा करत होता.

तुलना करताना आणखी एक खोड आपल्याला असते. सिस्टरच्या गावात मिस्साला झाडाखालीसुद्धा जागा पुरत नाही. तीन तास चालते, ढोल वाजतात. स्टाव्हांगरमध्ये जुनी देवळं सुंदर आहेत आणि बरीचशी रिकामी. लेक ज्या कॅथलिक चर्चमध्ये जाते तिथे पोलिश, फिलिपिनो, तमिळ असे बाहेरून आलेलेच जास्त. हे ऐकून आमच्या समूहातल्या एका वडीलधाऱ्यांनी लगेच मान डोलावली, “म्हणजे पैसा आला की देव गेला. गरीब लोकच सुखी.”

सिस्टर पटकन म्हणाली, “नाही हो काका. माझ्या बायका सुखी नाहीत. त्या दमलेल्या आहेत.”

आम्हाला तिचं पटलं. गरिबाच्या श्रद्धेचं कौतुक करून आपण पुष्कळदा स्वतःला मोकळं करून घेतो. आणि लेकीने सांगितलेलंही ऐकायला हवं: बाळ झाल्यावर 49 आठवडे पूर्ण पगारी रजा, त्यातले 15 फक्त बापाचे, मोठा कर लोक कुरकुरत का होईना भरतात, कारण दाई घरी येते, ती शेजारच्या सफाई कामगाराच्या बाळालाही तपासायला जाते आणि पैसे घेत नाही. देवळात न जाणाऱ्या लोकांनी उभी केलेली ही व्यवस्था प्रभूला नावडत असेल असं आम्हाला वाटत नाही. अर्थात जगाला तेल आणि वायू विकून जमलेला पैसा आहे तो, आणि हवामान बदलतंय. 2021 पासून बेंटिऊ पुराच्या पाण्यात बेटासारखं उभं आहे, लोक मातीच्या बांधांमागे राहतात. नॉर्वे आपल्या उत्पन्नाचा सुमारे 1 टक्का गरीब देशांना देतो, फार थोडे देश एवढं देतात. तरी दरी बुजत नाही.

2019 च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांनी दक्षिण सुदानच्या नेत्यांना व्हॅटिकनमध्ये प्रार्थनेसाठी बोलावलं आणि शेवटी गुडघे टेकून त्यांच्या पायांचं चुंबन घेतलं. 82 वर्षांचा म्हातारा, गुडघे दुखणारा, उठताना दोघांनी धरलेला. फेब्रुवारी 2023 मध्ये ते जुबाला गेले, अँग्लिकन आणि स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन धर्मप्रमुखांना सोबत घेऊन. सिस्टर त्या मिस्साला होती. आम्ही विचारलं, काही फरक पडला का? ती म्हणाली, “नेत्यांचं मला माहीत नाही. आमच्या केंद्रात दोन जमातींच्या बायका एका खोलीत झोपायला तयार नव्हत्या. त्यानंतर झोपतात. सगळ्या नाही.”

“देवाने त्यांना कुठे ठेवलं?” याचं उत्तर आम्ही अजून तिला दिलेलं नाही. फोनवर बोलणं होतं, तीही पुन्हा विचारत नाही. समूहाच्या प्रार्थनेत मात्र ते आभाराचं वाक्य आता आमच्या तोंडून येत नाही. लेक वाचली म्हणून आभार मानतो, आणि तिथेच थांबतो.

ती निघाली त्याच्या आदल्या रात्री बॅग भरायचं काम लेकीने घेतलं. हातमोज्यांची खोकी, नाळ बांधायच्या क्लिपा, डोक्याला लावायचे दिवे. मग लेकीने नातीच्या लहान झालेल्या लोकरी टोप्या आणल्या, नॉर्वेत तान्ह्या बाळाला घालतात त्या, सात-आठ. आम्ही म्हणालो, अगं, आफ्रिकेत कसली लोकर? सिस्टर म्हणाली, “काकू, वेळेआधी झालेलं बाळ कुठेही गार पडतं. द्या.” तिने एक टोपी मुठीवर चढवून पाहिली.

काट्यावर बॅग सव्वा किलो जास्त भरली. टोप्या काढू का, लेकीने विचारलं. सिस्टरने खाली वाकून काकूंच्या हातच्या कैरीच्या लोणच्याची बरणी आणि लिल्या चिवड्याची दोन पाकिटं बाहेर काढली आणि चेन ओढली. चिवडा नंतर संपला. बरणी अजून फडताळात आहे, तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली.